मंचाव आणि येसर

घरी चायनीज सूप करावं की करू नये, हा काही भांडायचा विषय नव्हे. पण बीडमधल्या एका मामा-भाचीचं त्यावरून जे चालतं, ते शेजारी म्हणून मी बऱ्याचदा ऐकलं आहे, आणि दर वेळी त्यातून काहीतरी नवं निघतं. मामांची चायनीजची गाडी आहे. आधी पुण्यात एका हॉटेलात भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग कढईपाशी उभे राहिले आणि शेवटी बीडला परत येऊन स्वतःची गाडी लावली. भाची एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. सातला घरी येते, साडेआठला पोरांना ताट लागतं. नवरा एसटीत कंडक्टर. तो कोणत्या रात्री घरी आणि कोणत्या रात्री मुक्कामी, हे ड्यूटीच्या कागदावर ठरतं. नावं मुद्दाम देत नाही. बोलणं बरंचसं त्यांचंच आहे, मधेमधे माझी लुडबुड.

मामा : पोरांना चायनीज पाहिजे तर मला फोन करायचा. घरी कामून करायलीस? गाडी काय लांब आहे?

भाची : गाडी लांब नाही, मामा. पण ‘सूप पाहिजे’ म्हणून पार्सल मागवलं की त्याच्याबरोबर नूडल्स येतात, मंचूरियन येतं. मग भाकरी तशीच राहते. मला फक्त सूप पाहिजे. त्यात कोबी, गाजर, बीन्स. पोरं ह्या भाज्या ताटात वाढल्या तर कडेला सारतात आणि सुपात मुकाट्यानं खातात.

मामा : खात्यात, कारण वर तळलेल्या नूडल्स असत्यात. त्या काढल्या तर मंचावात राहिलं काय?

भाची : त्या मी देतच नाही.

मामा : मग ते मंचाव न्हाईच. आणि खरं सांगू का, तुझ्या गॅसवर ते व्हायचंही न्हाई. मपली भट्टी बघितलीस ना? कढईतून धूर निघाला की लसूण पडतो, भाजी आत गेली की लगेच कढई उचलायची. तुझ्या शेगडीवर भाजी टाकली की ती पाणी सोडती. मग ती परतली जात न्हाई, नुसती उकडती.

इथे मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गाडीवरच्या जेवणाला जो करपट-खमंग वास असतो तो आचेचा असतो, मसाल्याचा नव्हे. घरच्या बर्नरला ती आच नाही. म्हणून घरी गाडीची नक्कल करणारे बहुतेक जण निराश होतात आणि सॉसच्या बाटल्या वाढवत बसतात. भाची मात्र त्या वाटेला गेलेली नाही.

भाची : म्हणून तर मी सगळ्या भाज्या एकदम टाकत नाही. लोखंडाची कढई आधी रिकामीच तापवते. तेल दोन चमचे. लसूण, आलं, हिरवी मिरची बारीक चिरून. वाटून नाही. वाटलेला लसूण बुडाला चिकटतो आणि कडू होतो. मग गाजर आणि बीन्स, मूठभरच. मिनिटाभरानं कोबी आणि शिमला मिरची. तोपर्यंत बाजूच्या शेगडीवर पाण्याला उकळी आलेली असते, ते ओतायचं. गार पाणी ओतलं तर कढई थंड पडते आणि भाज्या मऊ होतात.

मामा : हे बरोबर करतीस. पण नुसतं पाणी?

भाची : मग काय?

मामा : गाडीवर मागच्या बाजूला एक पातेलं दिवसभर बारीक उकळत असतं. कोबीची वरची पानं, गाजराची टोकं, कांद्याच्या पातीची मुळं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं त्यात. गिऱ्हाइकाला ते दिसत न्हाई. सुपाची चव त्या पातेल्यात असती. तू नळाचं पाणी उकळून मंचाव म्हनायलीस!

भाची : आमच्याकडं नळ रोज येत नाही, मामा. दिवसभर पातेलं उकळत ठेवायला पाणी पण लागतं, गॅस पण लागतो आणि माणूस पण घरात लागतं. मी एक युक्ती करते. सकाळी तूर शिजवते ना, त्याचं वरचं पाणी दोन वाट्या काढून फ्रिजमध्ये ठेवते. संध्याकाळी तेच सुपात.

मामा : (हसून) अगं, मग आमटीच कर की!

मामा हसले खरे, पण वादाला वळण मिळालं ते इथेच.

त्याआधी या सुपाच्या कुळाबद्दल थोडं. मंचाव सूप चीनमध्ये मिळत नाही. नावात चीनच्या ईशान्येकडचा मांचुरिया आहे, पण तिथल्या स्वयंपाकाशी याचा काही संबंध नाही. हे सगळं जेवण भारतात घडलं, आणि त्याची सुरुवात कोलकात्याच्या चिनी वस्तीत, विशेषतः टांगरा भागात कातडी कमावण्याच्या धंद्यात असलेल्या हाक्का लोकांच्या हातून झाली. पुढे मुंबईत, कोलकात्यातच जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचूरियन केलं. गिऱ्हाइकाला काहीतरी नवीन हवं होतं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपल्याच फोडणीची सामग्री घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, अशी त्याची सांगितली जाणारी हकीकत. आलं-लसूण-मिरचीच्या पायावर उभं असलेलं जेवण परळी-अंबाजोगाईच्या जिभेला परकं वाटण्याचं कारण नव्हतंच. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कामाला गेलेली पोरं परत येताना ते घेऊन आली, मामा त्यांतलेच एक. त्यामुळे ‘आपलं आणि बाहेरचं’ हा मुद्दा या दोघांच्या बोलण्यात कधी येत नाही, आणि मला ते फार बरं वाटतं.

आता अजिनोमोटो. या बाबतीत मी दोघांकडून उलट अपेक्षा केली होती.

मामा : माझ्या गाडीवर पाटीच लावली आहे, ‘अजिनोमोटो वापरत नाही’. लोक आधी तेच विचारत्यात.

भाची : न वापरल्यानं काही बिघडत नाही. पण लोक भलत्यालाच भ्यायलेत. तुम्ही एका बाऊलमध्ये सोया सॉस किती घालता?

मामा : मोठा चमचा. रंग यायला पाहिजे ना.

भाची : बघा. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. माणसानं दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या एका बाऊलमध्ये जवळजवळ निम्मं संपलं. वरून तुम्ही मीठ घालता ते वेगळंच. माझ्या सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. मी चौघांच्या सुपाला मिळून एक चमचा सोया सॉस घालते आणि वरचं मीठ चाखून मगच.

मामा : तसलं पांढरं सूप कोण पितं?

भाची : आम्ही पितो.

अजिनोमोटो ही चीज चिनी नाहीच, जपानी आहे. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोम्बू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव देणारा घटक वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी ही चीज बाजारात आली. पिकलेल्या टोमॅटोत तोच घटक निसर्गतः असतो. तिच्याभोवतीची भीती 1968 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून सुरू झाली. चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी एका डॉक्टरची तक्रार होती. नंतरच्या चाचण्यांत, खाणाऱ्याला पदार्थात काय आहे हे न सांगता दिलं, तेव्हा नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाला तसा त्रास सातत्यानं दिसला नाही. पण पाटी गावोगाव पोचली. मिठाची पाटी मात्र मी अजून कुठल्या गाडीवर पाहिलेली नाही.

पुन्हा डाळीच्या पाण्यावर येऊ.

भाची : आमटीच कर म्हणालात ना? येसराची आमटी कोणी नको म्हणतं का? पण येसर आहे कुठं? आजी गेल्यापासून आपल्या घरात येसर झालंय का एकदा तरी?

मामा : (थोडं थांबून) न्हाई झालं.

ज्यांनी मराठवाड्यात पंगतीला बसून येसराची आमटी ओरपलेली नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवं. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ असं धान्य कोरडंच खमंग भाजायचं. धने, जिरे, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल, लाल मिरच्या वेगळ्या भाजायच्या. मग सगळं एकत्र दळून डब्यात भरायचं. प्रमाण घराघरांत वेगळं, आणि प्रत्येक घराचं स्वतःचं बरोबर. आमटी करताना लसणाची फोडणी, पाणी, मीठ आणि पाण्यात कालवलेलं येसर, एवढंच. दाटपणा, तिखट, मसाला सगळं त्या एका भुकटीत. सुपाचं पाकीट म्हणून आज जे विकलं जातं, त्याचं काम येसर कितीतरी आधीपासून करत आलं आहे. फरक इतकाच की पाकिटात सगळ्यात जास्त असतं ते कॉर्नफ्लॉवर, मीठ आणि साखर.

मामा : आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे, तुला माहीतच आहे. मुकादमाची उचल आधीच खर्चून बसलेली. दसरा झाला की टोळी निघायची. कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. मी बारका, कोपीत राहायचो धाकट्याला धरून. आई फडातून यायची अंधार पडल्यावर. दिवसभर मोळ्या बांधून, गाडी भरून. कोपीम्होरं तीन दगडांची चूल. आधी भगुलं ठेवायची. तेलात ठेचलेला लसूण, पाणी, मीठ, वर मूठभर येसर. दुसरी भाकरी तव्यावर पडायच्या आत आमटी तयार. कांदा फोडला की जेवण झालं. तुझं ते वीस मिनिटांचं सूप त्याच्याम्होरं काय!

भाची : आणि ते येसर तिथं आलं कुठून?

मामा : गावाहून डबा भरून न्यायचो.

भाची : डबा कुणी भरला?

मामा : आईनंच. निघायच्या आधी दोन दिवस भाजणं, दळणं...

भाची : म्हणजे झटपट नव्हतं ते, मामा. आजीनं दोन दिवस आधीच राबून घेतलं होतं. रात्री फक्त उघडायचं होतं.

मामा : मग माझं तरी काय? गाडीवर तीन मिनिटांत सूप निघतं, कारण दुपारी दोनपासून पोरगा कोबी चिरत बसलेला असतो. गिऱ्हाइकाला वाटतं मामाचा हात चालतो.

मला या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. ‘झटपट’ म्हणून जी पाककृती छापली जाते, तिच्यात भाज्या ‘बारीक चिरलेल्या’ अशा आयत्या येतात. कोणी चिरल्या, कधी चिरल्या, ते नसतं. दोन गाजरं, पाव कोबी, दहा-बारा बीन्स आणि शिमला मिरची सुपाला लागते तितकी, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, चिरायला साध्या माणसाला पंधरा मिनिटं तरी लागतात. सूप उकळायला त्याच्या निम्मीही लागत नाहीत. म्हणून दमलेल्या संध्याकाळी सूप व्हायचं की नाही, हे गॅसपाशी ठरत नाही, विळीपाशी ठरतं.

भाची : आमच्याकडं चिरायचं काम ह्यांचं आहे.

मामा : जावईबापूंचं?

भाची : सुट्टीच्या दिवशी. गाजर आणि बीन्स चिरून कोरड्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, फ्रिजमध्ये. तीन दिवस छान राहतात. कोबी मात्र त्याच दिवशी. आधी चिरला तर कडा काळ्या पडतात आणि वास येतो. कंडक्टरकी करून हात सराईत झालाय, सगळे तुकडे एकसारखे करतात.

मामा : उद्या पाठव गाडीवर. पगार देतो.

कॉर्नफ्लॉवरपाशी दोघांचं पटेल असं मला वाटलं होतं, पण तिथंही खटका उडाला. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचं पीठ नव्हे, मक्यातला निव्वळ स्टार्च. गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ घातलं तर सूप खरखरीत होतं. लिटरभर पाण्याला तीन सपाट मोठे चमचे, अर्धी वाटी गार पाण्यात कालवून. कोरडं किंवा गरम पाण्यात टाकलं की गुठळी बाहेरून शिजते आणि आत पांढरी पूड तशीच राहते. ती मग पळीनं कितीही दाबा, फुटत नाही. उकळतं सूप एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं बारीक धार सोडायची. साधारण साठ-सत्तर अंशांना स्टार्चचे दाणे फुगायला लागतात, आणि दुधाळ दिसणारं पाणी एकदम पारदर्शक, चकचकीत होतं. हा क्षण पोरांना दाखवण्यासारखा असतो. त्यानंतर मिनिटभर उकळलं की पुरे.

मामा : मी व्हिनेगर आधीच टाकतो, भाज्यांबरोबर. उग्रपणा जातो.

भाची : तुमचं सूप लगेच बाऊलमध्ये जातं, म्हणून चालतं. घरी एक जण आत्ता जेवतो, दुसरा तासाभरानं. आंबट घालून उकळत राहिलं की सूप पातळ होतं. मी गॅस बंद करून मग घालते. कधी व्हिनेगर नसलं तर लिंबू.

मामा : लिंबानं ते चायनीज लागत न्हाई.

भाची : नाही लागलं तर नाही लागलं.

शास्त्र भाचीच्या बाजूनं आहे. आम्लात शिजत राहिलं की स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि दाटपणा जातो. पण चवीचं म्हणाल तर मी मामांकडे झुकतो. लिंबाचा वास सोया सॉसवर स्वार होतो आणि मिऱ्याचा झणका मागे पडतो. कॉर्नफ्लॉवरचा आणखी एक दोष असा की उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. येसराची आमटी मात्र रात्रभर मुरून सकाळी अधिकच चांगली लागते. भाजलेल्या धान्याची दाटपणा आणण्याची ताकद कच्च्या पिठापेक्षा कमी असते, म्हणून येसर जरा जास्त लागतं, पण ते चिकट होत नाही आणि कच्चट लागत नाही.

आता प्रयोग. भाचीनं केजच्या मावशीकडून थोडं येसर आणलं आणि एका रात्री निम्मं कॉर्नफ्लॉवर वगळून त्याजागी दोन चमचे येसर सुपात घातलं. मामा त्या दिवशी गाडी बंद ठेवून आले होते. मलाही बाऊल मिळाला.

मामा : (दोन घोट घेऊन) हे ना धड सूप, ना आमटी.

भाची : पोरांनी संपवलं.

मामा : पोरं भुकेली होती. दगडफूल आणि सोया सॉस एकमेकांशी भांडायलेत बघ तोंडात. सोया सॉस काढ आणि कढीपत्ता घाल, लगेच आमटी होईल. न्हाईतर येसर काढ. दोघांचं लगीन लावू नको.

मी मामांच्या बाजूनं मत दिलं, आणि भाचीला ते रुचलं नाही. चव मधल्यामधे अडकली होती हे खरंच. लवंग-दालचिनीला चिंच-गूळ लागतो, व्हिनेगर नाही.

भाची : ठीक आहे. मग असं करते. पोरं हट्ट धरतील त्या दिवशी तुमचं मंचाव, बिनतळलेलं. आणि बाकीच्या दिवशी येसर. दोन्हींना एकच कढई लागते, वीस मिनिटं लागतात. पण मावशीचं येसर संपत आलंय. आजीचं प्रमाण सांगा.

मामा : आई मोजत नव्हती. मूठ आणि ओंजळ. मला एवढंच आठवतं की ज्वारी सगळ्यात जास्त आणि गहू कमी. गव्हानं चिकट येतं म्हणायची. मिरची ब्याडगी न्हाई, आपली लवंगी. खोबरं शेवटी भाजायचं, न्हाईतर करपतं.

भाची : मग तुमच्या भट्टीवर भाजून द्या ना, दुपारी रिकामीच असते.

मामा : भट्टीवर धान्य भाजलं तर बाहेरून काळं, आतून कच्चं. त्याला बारीक आच लागती, बसून हलवायला लागतं. ते तुझ्याच शेगडीवर. जावईबापूंना बसव. दळण मी आणतो.

भाची : आमच्या गिरणीत मसाला दळत नाहीत. मागच्यांच्या पिठाला वास लागतो म्हणून.

मामा : पेठेत एक जण दळतो, पण रोज न्हाई. त्याला आधी विचारून ठेव, मसाल्याचं दळण तो कोणत्या वारी घेतो ते.